आर्क्टिक तापत असताना मासळीचा कोटा कशाच्या आधारे ठरवायचा?

प्रश्न असा विचारला गेला आहे: आर्क्टिकमधील बर्फ वितळल्यामुळे तिथला समुद्र मासेमारीला खुला होत आहे, पाण्यात अधिक प्रकाश पोहोचल्यामुळे वनस्पतिप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) उत्पादन वाढत आहे आणि दक्षिणेकडचे मासे उत्तरेला सरकत आहेत, मग एकंदरीत तिथल्या मासेमारीचा फायदाच होणार नाही का? आणि जिथे नुकसान होईल तिथे कोटा कमी केला की व्यवस्थापनाचे काम झाले, असे म्हणता येईल का?

पहिल्या भागातील तीनही विधाने खरी आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दुसऱ्या भागाबद्दल सांगायचे तर कोटा कमी करणे अनेकदा आवश्यक असते. मात्र तो ज्या गणितातून निघतो ते गणितच गेल्या काही दशकांच्या समुद्रावर बेतलेले आहे, आणि खरी अडचण तिथे आहे. माझे काम मत्स्यसाठ्यांच्या मूल्यमापनाचे आहे, म्हणून या मुद्द्यावर मी अधिक लिहितो. त्यासाठी अलास्काजवळच्या पूर्व बेरिंग समुद्राचे उदाहरण घेतो. काटेकोर व्याख्येने हा समुद्र उपआर्क्टिक आहे, पण त्याची सारी परिसंस्था हिवाळी बर्फावर चालते, आणि जगातील सर्वांत काळजीपूर्वक सांभाळल्या जाणाऱ्या मासेमारी क्षेत्रांत त्याची गणना होते. इतकी काळजी घेऊनही तिथे जे घडले, ते समजून घेतले तर बाकीच्या आर्क्टिकबद्दल बोलणे सोपे जाते.

बेरिंग समुद्राचा पूर्वेकडील भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा समुद्रतळ) रुंद आणि उथळ आहे. दर हिवाळ्यात उत्तरेकडील वाऱ्यांबरोबर समुद्रबर्फ दक्षिणेला पसरतो. बर्फ गोठताना मागे राहिलेले खारे, जड आणि अतिशय थंड पाणी तळाशी बसते. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, पण तो हलका असल्याने खालच्या पाण्यात मिसळत नाही, आणि त्यामुळे तळाशी २ अंश सेल्सिअसहून थंड पाण्याचा एक विस्तीर्ण पट्टा पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकून राहतो. शास्त्रज्ञ त्याला ‘कोल्ड पूल’ म्हणतात. पोलॉक आणि पॅसिफिक कॉड हे मासे शक्यतो त्यात शिरत नाहीत. उलट आर्क्टिक कॉड आणि स्नो क्रॅब या खेकड्याची पिल्ले त्यातच वाढतात. अशा रीतीने हा पट्टा उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या जीवांमध्ये कुंपणासारखा उभा असतो, आणि त्या कुंपणाची लांबी-रुंदी हिवाळ्यात किती बर्फ आला यावर ठरते.

२०१७-१८ च्या हिवाळ्यात दक्षिणेकडील उबदार वारे वाहत राहिले आणि बेरिंग समुद्रातील बर्फ उपग्रहांच्या नोंदींमधील नीचांकाला गेला. पुढच्या उन्हाळ्यात कोल्ड पूल जवळजवळ नाहीसाच झाला होता, आणि २०१९ मध्येही परिस्थिती फारशी सुधारली नाही. त्याआधीच, २०१७ मध्ये, उत्तर बेरिंग समुद्रात केलेल्या सर्वेक्षणात पॅसिफिक कॉडचे वजनी प्रमाण २०१० च्या तुलनेत सुमारे दहापट आढळले होते. जनुकीय तपासणीतून हे मासे दक्षिणेकडच्याच साठ्यातील असल्याचे दिसले. ज्या भागाचे सर्वेक्षण नियमितपणे होतच नव्हते, त्या भागात साठ्याचा मोठा हिस्सा निघून गेला होता. दक्षिणेतील जाळ्यांत मासे कमी येऊ लागले, तर ते मेले की स्थलांतरित झाले हे फक्त दक्षिणेतील आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि या दोन शक्यतांसाठी कोट्याचा निर्णय अगदी वेगवेगळा असायला हवा.

आता स्नो क्रॅबकडे वळू. या मासेमारीत नियम कडक होते आणि ते पाळलेही जात होते: मादी खेकडे उतरवायला बंदी, ठरावीक आकाराहून लहान नर परत समुद्रात, आणि कोटा दरवर्षीच्या सर्वेक्षणानुसार. २०१८ च्या उन्हाळ्यात सर्वेक्षणाचा अंदाज सुमारे ११ अब्ज खेकड्यांचा निघाला. इतकी संख्या त्यापूर्वी कधीही नोंदली गेली नव्हती, आणि तीत लहान खेकड्यांचा भरणा मोठा असल्याने पुढची वर्षे भरभराटीची जातील असेच सर्वांना वाटले. कोटा त्याप्रमाणे वाढत गेला: २०१८-१९ च्या हंगामात सुमारे १२,५०० टन, तर २०२०-२१ च्या हंगामात सुमारे २०,४०० टन. मधल्या २०२० सालचे सर्वेक्षण कोविडमुळे रद्द करावे लागले. २०२१ मध्ये सर्वेक्षणाच्या बोटी पुन्हा समुद्रात गेल्या तेव्हा १० अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाले होते. त्या हंगामाचा कोटा सुमारे २,५०० टनांवर आणला गेला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्काने स्नो क्रॅबची मासेमारी इतिहासात प्रथमच पूर्ण बंद केली. पुढचा हंगामही बंदच राहिला. २०२४ च्या शरद ऋतूत ती पुन्हा सुरू झाली, पण सुमारे २,१०० टनांच्या अल्प कोट्यावर.

या घटनेची जी कारणमीमांसा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, ती साठ्यांचे गणित करणाऱ्या प्रत्येकाने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. खेकडे उत्तरेला किंवा खोल पाण्यात गेले असावेत ही शक्यता तपासली गेली, पण तिथे ते पुरेशा संख्येने सापडले नाहीत. मासेमारी, इतर जाळ्यांत अडकून होणारे मृत्यू, कॉडने केलेली शिकार, रोग आणि खेकड्यांनीच एकमेकांना खाणे यांचाही विचार झाला. तापमान आणि खेकड्यांची दाटी या दोन गोष्टींशी मृत्यूचा मेळ सर्वांत चांगला बसला. प्रयोगशाळेतील निरीक्षणांनुसार पाण्याचे तापमान ० वरून ३ अंशांवर गेले की या खेकड्याची ऊर्जेची गरज जवळपास दुप्पट होते. थंड पट्टा आकसल्यामुळे विक्रमी संख्येने असलेले खेकडे लहानशा क्षेत्रात एकवटले, प्रत्येकाची भूक वाढली, आणि तळावरचे खाद्य तितकेच राहिले. २०१८ मधील खेकड्यांचे वजनही त्याच आकाराच्या आधीच्या खेकड्यांपेक्षा कमी भरले होते. ही उपासमार होती.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने येथे एक फार महत्त्वाची गोष्ट लपलेली आहे. साठ्याच्या प्रतिमानात (गणिती मॉडेलमध्ये) मृत्यूचे दोन भाग असतात: मासेमारीमुळे होणारा आणि नैसर्गिक. पहिला आपण मोजतो व आवरतो. दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा एक स्थिर आकडा धरला जातो, कारण तो थेट मोजणे अत्यंत अवघड असते. यंदा न पकडलेला प्राणी पुढच्या वर्षी बहुतांशी शिल्लक असेल, या गृहीतावर संपूर्ण कोटापद्धती उभी आहे. नैसर्गिक मृत्यूदर एक-दोन वर्षांत कित्येक पटींनी उसळला, तर जपून ठेवलेला साठा जपलेला राहत नाही, आणि कोटा कितीही सावधपणे ठरवलेला असला तरी त्याने ही पडझड थांबली नसती. म्हणूनच प्रश्नातील दुसऱ्या भागाला मी सरळ ‘होय’ म्हणू शकत नाही. कोट्याचा उपयोग पडझडीनंतर उरलेल्यांना वाचवण्यासाठी जरूर होतो; तो तापलेल्या पाण्यावरचा उपाय नाही.

याची झळ कोणाला बसते, हेही सांगितले पाहिजे. प्रिबिलोफ बेटांपैकी सेंट पॉल हे उनांगान समाजाचे लहानसे गाव आहे. तिथल्या स्थानिक प्रशासनाचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात खेकड्यांच्या प्रक्रियेवरील कराचे होते. हंगाम बंद झाला तेव्हा आरोग्य व आणीबाणीच्या मूलभूत सेवा कशा चालवायच्या, हा प्रश्न त्या गावापुढे उभा राहिला. मोठ्या कंपन्या आपली जहाजे दुसऱ्या मासळीकडे वळवू शकतात. गावाला तसे वळता येत नाही.

पोलॉकची गोष्ट वेगळी, आणि ‘प्लवक वाढले म्हणजे मासे वाढतील’ या समजुतीला धक्का देणारी आहे. पूर्व बेरिंग समुद्रातून दरवर्षी दहा लाख टनांहून अधिक पोलॉक पकडला जातो. फिश फिंगर आणि सुरिमी (माशाच्या मांसाचा धुऊन केलेला लगदा) हे त्याचे मुख्य उपयोग. (सुरिमीमुळे कोकणचाही या समुद्राशी व्यापारी संबंध येतो: रत्नागिरीकडे राणीमाशापासून तयार होणारी सुरिमी जागतिक बाजारात पोलॉकच्या सुरिमीबरोबरच उभी असते.) सुरुवातीला संशोधकांचा कयास होता की उबदार वर्षे पोलॉकच्या पिल्लांना मानवतील. २००१ ते २००५ ही वर्षे उबदार गेली, उन्हाळ्यात पिल्लेही भरपूर दिसली, पण हिवाळा ओलांडून फार थोडी जगली. उबदार वर्षांत पाण्यात लहान आणि कमी चरबीचे कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी प्राणी, म्हणजे प्राणिप्लवक) अधिक होते. थंड वर्षांत मोठे, चरबीने भरलेले कोपेपॉड आणि क्रिल हे कोळंबीसारखे छोटे जीव असतात. बर्फाच्या खालच्या बाजूस वाढणारे शैवाल या मोठ्या कोपेपॉडना वसंताच्या आरंभी पहिले अन्न पुरवते, आणि बर्फच नसेल तर ही साखळी पहिल्याच दुव्यात अडते. पिल्लांची पोटे भरलेली होती, पण अंगात हिवाळ्यापुरती चरबी साठलेली नव्हती. त्यानंतरच्या थंड काळातील २००८ आणि २०१२ या पिढ्या मात्र दणकट निघाल्या.

१९९८ ते २०१८ या काळात आर्क्टिक महासागरातील प्राथमिक उत्पादन (म्हणजे वनस्पतिप्लवकांची वाढ) सुमारे ५७ टक्क्यांनी वाढल्याचा उपग्रहांवर आधारित अंदाज आहे, आणि तो मी नाकारत नाही. प्रश्न आहे तो ते उत्पादन कोणत्या वेळी, कोणत्या आकाराच्या प्राणिप्लवकाच्या पोटात जाते आणि त्यातून किती चरबी वर सरकते याचा. शिवाय निसर्ग आपल्या सिद्धांतांना बांधील नसतो, हेही येथे नोंदवले पाहिजे: बर्फाचा नीचांक गाठलेल्या २०१८ सालीच जन्मलेली पोलॉकची पिढी चांगली जगली आणि पुढील काही वर्षांच्या उत्पन्नात तिचा वाटा मोठा राहिला. त्यामुळे तापमानाचा एक आकडा घेऊन पुढच्या पिढीचे भाकीत करणाऱ्या सूत्रांवर मी फार विसंबत नाही. भाकितावर कोटा चढवण्यापेक्षा, भाकीत चुकले तरी साठा तग धरेल इतकी जागा सोडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

अशी जागा सोडण्याची एक व्यवस्था बेरिंग समुद्रात बऱ्याच आधीपासून आहे. बेरिंग समुद्र आणि अल्युशियन बेटे मिळून तळाजवळच्या सर्व मासळीचे एकूण उत्पन्न वर्षाला २० लाख टनांच्या वर जाऊ द्यायचे नाही, असा तिथे नियम आहे. स्वतंत्र जातींसाठी शास्त्रज्ञांनी काढलेल्या मर्यादांची (शास्त्रीय मर्यादांची) बेरीज अनेक वर्षी याहून पुष्कळ अधिक येते, तरीही ही कमाल मर्यादा हलत नाही. हवामान आणि परिसंस्था यांची एकत्र प्रतिमाने चालवून पाहिल्यावर असे दिसले की ही मर्यादा पोलॉक व कॉडच्या साठ्यांची घसरण साधारण शतकाच्या मध्यापर्यंत लांबवते. उत्सर्जन चढेच राहिले तर त्यापुढे तिचा उपयोग घटत जातो. उत्तर प्रशांत मत्स्यव्यवस्थापन परिषदेने २०१८ पासून आणखी एक पद्धत आणली. साठ्याच्या प्रतिमानात न मावणाऱ्या चिंता, उदाहरणार्थ माशांचे वजन घटणे, समुद्रपक्ष्यांची उपासमार किंवा पाण्याचे असाधारण तापमान, एका जोखीम-तक्त्यात मांडायच्या आणि त्या गंभीर असतील तर शास्त्रीय मर्यादा तिच्या कमाल पातळीखाली उतरवायची. या तक्त्यात अनुभवी माणसाच्या निर्णयाला वाव आहे, म्हणून त्यावर टीकाही होते. तरीही जे दिसते पण समीकरणात बसत नाही, त्याची अधिकृत नोंद करण्याची सोय असणे मला मोलाचे वाटते.

शेजारच्या अलास्काच्या आखातात हा धडा आधीच मिळाला होता. २०१४ ते २०१६ च्या सागरी उष्णलाटेत तिथल्या पॅसिफिक कॉडची भूक वाढली आणि अन्न घटले. या माशाची अंडी साधारण ३ ते ६ अंशांच्या अरुंद पट्ट्यातच चांगली उबतात, त्यामुळे नव्या पिढ्याही आल्या नाहीत. २०१७ च्या सर्वेक्षणात २०१५ च्या तुलनेत साठा ७० टक्क्यांहून अधिक घटलेला दिसला, २०१८ चा कोटा सुमारे ८० टक्क्यांनी कापला गेला, आणि २०२० मध्ये संघीय जलक्षेत्रातील ही मासेमारी बंद झाली. ती बंद होण्यामागे एक पूर्वनिश्चित नियम होता: अंडी देणारा साठा मासेमारी नसतानाच्या पातळीच्या २० टक्क्यांखाली गेला तर कॉड पकडायचा नाही, कारण स्टेलर सी लायन या प्राण्याचे ते खाद्य आहे. संकटात बसून वाटाघाटी करण्यापेक्षा नियम आधी लिहून ठेवलेला बरा, हे येथे दिसले. त्याच उष्णलाटेत अलास्कातील ‘कॉमन मर’ या जातीचे सुमारे ४० लाख समुद्रपक्षी मेल्याचा अंदाज नंतर प्रसिद्ध झाला.

न्यायाचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे दिसतो तो युकॉन नदीवर. किंग आणि चम या दोन्ही सामन माशांचे परतणे २०२० नंतर इतके रोडावले की नदीकाठच्या आदिवासी गावांची पोटापुरती मासेमारीही थांबवावी लागली, आणि २०२४ मध्ये अलास्का व कॅनडा यांनी किंग सामनसाठी सात वर्षांची स्थगिती मान्य केली. त्याच काळात पोलॉकच्या ट्रॉलरांच्या (मोठे जाळे ओढत नेणाऱ्या बोटींच्या) जाळ्यांत चम सामन नको असताना सापडत होता. जनुकीय तपासणीनुसार त्यातील मोठा वाटा आशियाई उगमाचा असतो, आणि या गावांच्या नद्यांचा वाटा लहान. समुद्राचे तापणे हेच सामनच्या घसरणीचे मोठे कारण असावे, असे मलाही वाटते. पण ज्यांच्या वाळवणीच्या मांडवात एकही मासा उरला नाही, त्यांना ही टक्केवारी सांगून गप्प करता येत नाही आणि करू नये. हवामानाने साठा घटवला असेल, तर उरलेला भार कोणी किती उचलायचा हा प्रश्न विज्ञानाने सुटणारा नाही. तो परिषदेत मतदानाने सुटतो, आणि तिथे या गावांचा आवाज आजही अपुरा आहे असे माझे मत आहे.

बॅरेंट्स समुद्राचे उदाहरण अनेकदा आशादायक म्हणून पुढे केले जाते, म्हणून त्याविषयी थोडक्यात. नॉर्वे आणि रशिया यांचा संयुक्त मत्स्य आयोग १९७० च्या दशकापासून तिथला कॉड वाटून घेतो. पाणी उबदार होत असताना बेकायदा मासेमारी आटोक्यात आली, मासेमारीचा ताण घटला, आणि २०१३ चा कोटा १० लाख टनांवर पोहोचला. उष्णतेचा फायदा झाला तो तिला शिस्तीची जोड होती म्हणून. २०२५ चा कोटा मात्र ३,४०,००० टनांवर उतरला, कारण त्याआधीच्या काही वर्षांतील पिढ्या दुबळ्या निघाल्या. दरम्यान अटलांटिकचे उबदार पाणी उत्तरेला शिरत गेले, कॉड आणि हॅडॉक यांसारखे मोठे शिकारी मासे त्याबरोबर गेले, आणि बर्फावर अवलंबून असलेल्या लहान आर्क्टिक माशांचे क्षेत्र आकसले. या आयोगाचा कॅपेलिन या लहान माशाविषयीचा नियम मला विशेष आवडतो: अंडी देणारा साठा २,००,००० टनांहून अधिक राहण्याची शक्यता ९५ टक्के असेल तरच मासेमारी, आणि हा हिशेब करताना कॉड किती कॅपेलिन खाईल ते आधी वजा करायचे. या नियमानुसार २०१९ ते २०२१ ही तीन वर्षे कॅपेलिनचा कोटा शून्य होता.

मासे सीमा ओलांडतात तेव्हा वाटणीचे करार कसे मोडतात, हे ईशान्य अटलांटिकमधील मॅकरेलने दाखवले. २००७ च्या सुमारास हा मासा आइसलँडच्या पाण्यात मोठ्या संख्येने येऊ लागला. नव्या यजमानाने वाटा मागितला, जुन्यांनी नाकारला, आणि प्रत्येकाने स्वतःचा कोटा स्वतःच ठरवल्याने एकूण उत्पन्न शास्त्रीय सल्ल्याच्या वर जात राहिले. या माशाचे शाश्वततेचे प्रमाणपत्र २०१९ मध्ये स्थगित झाले. साठ्याबद्दलच्या विज्ञानावर येथे फारसा वाद नव्हता. वाद होता तो पूर्वी कोणी किती मासा पकडला यावर वाटे ठरवावेत की मासा आज जिथे आहे त्यावर.

म्हणून मध्य आर्क्टिक महासागराचा करार मला इतका महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही देशाच्या हद्दीत नसलेले तिथले पाणी सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर आहे. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी ग्रीनलंडमधील इलुलिसाट येथे अमेरिका, रशिया, चीन, जपान व युरोपीय संघ यांच्यासह दहा पक्षांनी तिथे व्यापारी मासेमारी सुरूच न करण्याचे मान्य केले, आणि २५ जून २०२१ पासून करार लागू झाला. यामागे बेरिंग समुद्राचीच एक कटू आठवण आहे. त्या समुद्राच्या मध्यभागी अमेरिका व रशिया यांच्या हद्दींबाहेर उरलेल्या आंतरराष्ट्रीय पाण्यात १९८० च्या दशकात अनेक देशांच्या ट्रॉलरांनी पोलॉक अमाप पकडला. १९८९ मध्ये तो १४ लाख टनांच्या आसपास होता, आणि तीन-चार वर्षांत साठा कोसळला. १९९४ मध्ये करार झाला, पण तोवर वाचवायला काही उरले नव्हते आणि तिथली मासेमारी आजही बंद आहे. आर्क्टिकमध्ये करार आधी झाला. त्याची पहिली मुदत लागू झाल्यापासून १६ वर्षांची, म्हणजे २०३७ पर्यंतची आहे. कोणी हरकत घेतली नाही तर ती पाच-पाच वर्षांनी वाढते. या काळात संयुक्त संशोधनातून तिथे मुळात कोणते मासे किती आहेत याची पायाभूत नोंद तयार व्हायला हवी, आणि आदिवासी समाजांच्या ज्ञानाला त्यात स्थान देण्याची तरतूद करारातच आहे. रशिया व पाश्चात्त्य देशांमधील वैज्ञानिक सहकार्य २०२२ नंतर आटले आहे, आणि अर्ध्या किनाऱ्याची आकडेवारी हाती नसताना आर्क्टिकचे चित्र पूर्ण होत नाही, ही माझ्या मते आजची सर्वांत मोठी उणीव आहे. भारत या कराराचा पक्ष नाही. परंतु २०१३ पासून आर्क्टिक परिषदेचा निरीक्षक आहे, आणि गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहातील ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून चालवते. तिथल्या कॉंग्सफ्योर्ड या अरुंद खाडीत २०१४ पासून पाण्याच्या तापमानाची आणि क्षारतेची नोंद करणारी भारतीय यंत्रणाही बसवली गेली. अटलांटिकचे पाणी आत कसे शिरते याच्या अशा सलग नोंदी मत्स्यविज्ञानाला थेट उपयोगी असतात.

या विषयात पुढे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला माझी सूचना अशी की सुरुवात प्रतिमानांपासून करू नये. पूर्व बेरिंग समुद्राचे ट्रॉल सर्वेक्षण १९८२ पासून जवळपास एकाच पद्धतीने होत आले आहे. सुमारे ३७५ ठरावीक ठिकाणी जाळे ओढून प्रत्येक जागी तळाचे तापमानही मोजले जाते, आणि ही माहिती सर्वांसाठी खुली आहे. स्नो क्रॅबची आकारवार संख्या आणि त्याच ठिकाणचे तळाचे तापमान वर्षागणिक शेजारी मांडावे, २०१५ पासून २०२१ पर्यंतचे नकाशे क्रमाने पाहावेत, आणि मग स्वतःला विचारावे की २०१८ च्या शरद ऋतूत, केवळ तोवरची माहिती हाती असताना, आपण कोटा किती ठरवला असता.